रात्रपाळीवाला झोपलाय

॥ श्री ॥

बडोदा,
रविवार सकाळ

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिलो आणि तू वैतागून फोन ठेवलास. तुझी आई म्हणाली, पोर एवढी रडकुंडीला आली होती, दोन शब्द बोलायचे होते की. बोलायचं होतं गं, पण मनात जे आलं ते फोनवर मावण्यासारखं नव्हतं. म्हणून आज चहा झाल्या झाल्या कागद घेऊन बसलो आहे.

आधी खोलीचं. दहेजच्या कारखान्यात नोकरीला लागून तुला चार महिने झाले आणि या चार महिन्यांत सलग सहा तास झोप लागली असा एक दिवस नाही, असं तू सांगितलंस. एक मुलगी पहाटे पाचला ट्यूबलाइट लावते, दुसरी रात्री साडेअकराला येऊन कपाट आपटते, आणि तू रात्रपाळी करून सकाळी पडलीस की तुझ्या उशापाशी दोघींच्या गप्पा चालतात. तुला भरूचमध्ये स्वतंत्र खोली घ्यायची आहे. घे. डिपॉझिटला पैसे कमी पडले तर मी देईन, आईशी बोलून ठेवलंय. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं सगळं बाबांनी मला अडवायला लिहिलं असं तुला वाटणार नाही.

मागच्या मंगळवारी हयातीच्या दाखल्यासाठी बाजव्याला बँकेत गेलो होतो. यंदा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला, काम दहा मिनिटांत झालं. परतताना रिक्षा न करता आमच्या जुन्या सिंगल क्वार्टर्सकडे चालत गेलो. तू लहान असताना एकदा स्कूटरवरून तुला लांबून दाखवल्या होत्या, आठवत नसेल. तीन मजली इमारत, समोर लांबच्या लांब व्हरांडा आणि एका ओळीत निळी दारं. आता तिथे कुणी राहत नाही. खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्यात, जिन्याच्या तोंडाशी काटेरी तार आडवी बांधली आहे, गच्चीच्या कठड्यातून पिंपळ फुटलाय. वॉचमनने आत सोडलं नाही आणि ते बरोबरच आहे, स्लॅब केव्हा पडेल सांगता येत नाही. मी खालूनच दुसऱ्या मजल्यावरचं आमचं दार शोधलं. दार अजून आहे. रंग सगळा उडून पांढुरका झालाय, पण मधोमध हातभर चौकोन अजून गडद निळा आहे.

त्या चौकोनावर आमची पाटी असायची. मी क्वार्टर सोडलं १९८४ साली. आमच्यानंतर जी पोरं आली त्यांनीही पाटी तिथेच टांगली असणार, नाहीतर एवढा रंग टिकला नसता. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आणि गुरुवारी रात्री तुझा फोन आला.

तर पाटीची गोष्ट.

मी बडोद्याला आलो १९७९ च्या जूनमध्ये. बी.एस्सी. झालेला, एकवीस वर्षांचा, आणि अमळनेरच्या पलीकडे जळगाव-भुसावळ एवढंच जग पाहिलेला. भुसावळ-सुरत पॅसेंजरने सुरत, तिथे गाडी बदलून बडोदा. स्टेशनवर उतरलो तर पाट्या गुजरातीत. अक्षरं आपल्यासारखीच, फक्त डोक्यावरची रेघ काढून घेतलेली. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये डाळ तोंडात घातली आणि ती गोड लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डाळीने नव्हे, आपल्या घरच्या फौजदारी डाळीचा ठसका आता वर्षभर मिळणार नाही हे त्या घासाला कळलं म्हणून.

त्या काळी या पट्ट्यात कोयली, बाजवा, रणोली, नंदेसरी सगळीकडे कारखाने उभे राहत होते. रिफायनरी १९६५ मध्ये सोव्हिएत मदतीने सुरू झालेली, मग खताचा कारखाना, मग पेट्रोकेमिकल्स. देशाच्या कानाकोपऱ्यातून आमच्यासारखी पोरं यायची, आणि कंपन्या लग्न न झालेल्यांना सिंगल क्वार्टर द्यायच्या. नाव सिंगल, पण एका क्वार्टरमध्ये चौघे. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, एक मोरी. आमच्यात एक नागपूरचा, एक मेहसाण्याचा, एक केरळातल्या पालघाटचा आणि मी. नावांनी हाक मारायची पद्धतच नव्हती. गावाच्या नावाने हाक. मी पाच वर्षं ‘अमळनेर’ होतो. आजही कुणी मागून ‘ए अमळनेर’ म्हटलं तर मी वळेन.

चौघे चार वेगवेगळ्या शिफ्ट ग्रुपमधले. ते कसं चालतं हे तुला सांगायला नको. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा, आणि एक ग्रुप सुट्टीवर. म्हणजे चौघांपैकी एक जण कायम कामावर असणार, म्हणून आमच्याकडे खाटा तीनच होत्या. खाट कुणाची ठरलेली नाही. चादर आणि उशी आपापली. उठलो की आपली वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची आणि येणाऱ्यासाठी खाट मोकळी करायची. आणि चोवीस तासांत असा एक तास नसायचा की त्या दोन खोल्यांत कुणी झोपलेलं नाही. तुम्ही म्हणता तशी ‘रात्र’ आमच्या घरी नव्हतीच. ज्याची झोप, त्याची रात्र.

पहिले सहा महिने आम्ही या बाबतीत अगदी जनावरासारखे राहिलो. हे मी तुला पहिल्यांदाच सांगतोय. तुला तुझ्या खोलीतल्या मुलींचा राग येतो, तसा तेव्हाच्या माझा आला असता. मी दोन ते दहा करून साडेदहाला यायचो, दिवा लावायचो, वातीच्या स्टोव्हवर भात टाकायचो आणि भांडी वाजवायचो. दमून आलोय, भूक लागली आहे, मग काय झालं? पालघाट पहाटेच्या पाळीसाठी पावणेपाचला उठणारा. तो उशी डोक्यावर घेऊन पडून राहायचा. कधी बोलला नाही. मी समजायचो, त्याला चालतं.

मग जानेवारी १९८० आला.

त्या वर्षीची उतरायण माझी पहिली. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, हळदीकुंकू. इथे म्हणजे सगळं गाव गच्चीवर. मेहसाण्याने मला फिरकी धरायला शिकवलं. दोरा बोटाला कापत कसा जातो, ढील कधी द्यायची, खेंच कधी मारायची, आणि समोरचा पतंग कापला की अख्ख्या गच्चीने ‘काप्यो छे!’ कसं ओरडायचं. चौदाला उतरायण, पंधराला वासी उतरायण. दोन दिवस आम्ही गच्चीवरच जेवलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मोठा लाल पतंग कापून आमच्या पाण्याच्या टाकीवर येऊन पडला. नागपूरने तो भिंतीला लावायला म्हणून खाली आणून ठेवला.

पंधरा तारखेलाच मद्रासला पाकिस्तानविरुद्धची कसोटी सुरू झाली होती. गावस्करने १६६ केल्या, कपिलने ८४ ठोकल्या आणि मग दोन्ही डावांत मिळून अकरा विकेट काढल्या. ती कसोटी आपण दहा गडी राखून जिंकलो. इमारतीत चांगला रेडिओ माझ्याकडे होता, तात्यांनी नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला. कपिलच्या ८४ च्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत बारा-तेरा पोरं बसली होती. प्रत्येक चौकाराला आरडाओरडा, दारावर थापा. आतल्या खोलीत नागपूर झोपला होता. त्याची सलग पाचवी रात्रपाळी होती. तो एकदा उठून दारात येऊन उभा राहिला. ‘काहून बे अमळनेर, जरा हळू’ एवढंच म्हणाला. मी म्हणालो, हो हो. आवाज कमी केला नाही.

आम्ही दोघेही बॉयलर हाउसला. तुझ्यासारखे स्क्रीन आमच्याकडे नव्हते. पॅनलवर गोल डायल आणि कागदावर शाईने रेघ ओढत जाणारे रेकॉर्डर. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी पॅनलवर दिसायची, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही असा आमच्या चार्जमनचा नियम होता. वर जायचं, काच-गेज ब्लो करायचा, म्हणजे वाफ सोडून साफ करायचा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहून यायचं. पाणी कमी झालं तर ट्यूबा जळतात, जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी पुढे जाऊन टर्बाइनची पाती खातं. हे तू पुस्तकात वाचलंस. आम्ही ते पहाटे चार वाजता लोखंडी शिडीवर पाहिलं. त्या वेळी शरीर माणसाचं ऐकत नाही. तीन ते पाचमध्ये खुर्चीवर टेकला तो गेला, म्हणून जुने लोक पॅनलसमोर उभे राहायचे.

त्या रात्री साडेचारला नागपूर गेज पाहून खाली उतरत होता. पायरी चुकली, आणि कठड्याऐवजी हात शेजारच्या ड्रेनच्या उघड्या पाइपवर पडला. डावा पंजा आणि मनगट भाजलं. थोडक्यात निभावलं, नाहीतर तो वरून खाली आला असता. मी सहाला चार्ज घ्यायला पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. चार्जमन म्हणाला, पोरगा झोपेत होता. मी काही बोललो नाही. लॉगबुकवर सही केली आणि पॅनलसमोर उभा राहिलो. ते आठ तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. त्याची झोप कुणी मोडली हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि बाकी कुणालाच नाही.

दोनला सुटून मी खोलीवर धावत आलो. तो भिंतीला टेकून बसला होता, डाव्या हाताला पांढरं बँडेज. उजव्या हाताने तो लाल पतंग फाडत होता. मला वाटलं, रागाने फाडतोय. पण त्याने त्यातून एक नीट गोल कागद काढला, दुहेरी करून आपल्या टॉर्चच्या काचेवर ठेवला आणि मला म्हणाला, ‘रबर लाव. मला एका हाताने जमत नाही.’ मी रबर लावलं. त्याने टॉर्च पेटवून आतल्या खोलीत भिंतीवर मारली. मंद लाल उजेड पडला, जेमतेम चपला दिसतील एवढा. तेव्हा तिथे मेहसाणा झोपला होता. त्याच्या तोंडावरूनच उजेड गेला, तरी पापणी हलली नाही. नागपूर म्हणाला, ‘आजपासून दिवा नाही लावायचा, हे लावायचं.’ रेडिओबद्दल तो त्या दिवशीही बोलला नाही, नंतरही नाही. मी माफी मागितली ती चार वर्षांनी, क्वार्टर सोडायच्या आदल्या रात्री. इतके दिवस जीभ रेटली नाही.

पाटी त्याच आठवड्यात झाली. खोक्याचा जाड पुठ्ठा, वरती चार नावं म्हणजे चार गावं, खाली कपडे वाळत घालायचे चार चिमटे. आत झोपायला जाताना आपला चिमटा आपल्या गावाखाली लावायचा, उठलो की काढायचा. बाहेरून येणारा दाराशीच पाहणार. एकही चिमटा असला तर चपला हातात, बोलणं खुणेने, स्टोव्ह स्वयंपाकघराचं दार लोटून. मेहसाण्याने पुठ्ठ्याच्या तळाशी गुजरातीत लिहिलं होतं, ‘धीमे. ऊंघे छे.’ हळू, झोपलाय. शेजारच्या क्वार्टरवाल्यांनी आधी पाहून हसून घेतलं, आणि पावसाळ्यापर्यंत आमच्या मजल्यावर सात पाट्या झाल्या. पुढच्या उतरायणीला ठरलं की दुपारी दोनपर्यंत आमच्या बाजूच्या गच्चीवर धावायचं नाही, कारण खाली रात्रपाळीवाले आहेत. पोरं पतंग उडवायला पलीकडच्या टोकाला गेली.

माझ्याकडून ओरडण्याची सवयही सुटली. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवरची फायनल होती. आमच्या खोलीत एक जण पहाटेच्या पाळीचा झोपलेला. आम्ही सहा-सात जण रेडिओ घेऊन खाली सायकल स्टँडमध्ये बसलो, आवाज अगदी बारीक, डोकी एकमेकांना लागलेली. शेवटची विकेट पडली तेव्हा मेहसाण्याने स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला आणि माझ्या पाठीत बुक्के मारत राहिला. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडातून आवाज नाही. भारताने वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या इमारतीत एकही दार उघडलं नाही. पहाटे पावणेपाचला तो उठला तेव्हा आम्ही त्याला सांगितलं, मग एकदाचे सगळे मिळून ओरडलो.

हे सगळं असं लिहिताना तुला वाटेल, आम्ही सारखे झोपेच्याच मागे होतो. तसं नव्हतं. बाकीही पुष्कळ होतं. सुट्टीच्या दिवशी सायकली काढून न्यायमंदिर, तिथून दांडियाबाजार. दांडियाबाजारात मी मुद्दाम हळू चालायचो. कुठल्या तरी वाड्याच्या खिडकीतून ‘अगं ऐकलंस का’ असं मराठी कानावर पडायचं, तेवढ्याने आठवडा निघायचा. इथल्या मराठीत गुजराती मिसळलेली, पण ती आपलीच. सुरसागरच्या काठी सेव-उसळ खायचो. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा नागपूर आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ही तर आपल्या घरची, फक्त वाट चुकून इकडे आलेली. कुणाचं प्रमोशन झालं की दुलीरामचे पेढे. गणपतीत रोज एका मंडपात.

आणि मांडवीची सेंट्रल लायब्ररी. तिथे काचेच्या जमिनीचे मजले आहेत, खालून वर उजेड जावा म्हणून. त्या काचेवर पाऊल टाकायला मला पहिल्यांदा भीती वाटली. मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ही लायब्ररी काढली. महाराज जन्माने आपल्या बाजूचे, मालेगावजवळच्या कवळाण्याचे. बारा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराला १८७५ मध्ये उचलून इथे गादीवर आणून बसवलं. मला एकवीसाव्या वर्षी इथे इतकं परकं वाटलं, त्या बारा वर्षांच्या पोराला राजवाड्यात पहिल्या रात्री झोप लागली असेल का, असा विचार मी तिथल्या बाकावर बसून कितीदा केलाय. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा अभ्यासही मी तिथेच केला. खोलीत दिवा लावायची सोय नव्हती ना.

स्वयंपाक आळीपाळीने. पालघाटची कॉफी, मेहसाण्याच्या आईने पाठवलेली सुखडी, नागपूरचा झुणका, माझं भरीत. अमळनेरहून कुणी येणारा असला की आजी हिरवी वांगी द्यायची, आणि मी ती गच्चीवर काड्या पेटवून भाजायचो. पालघाट आधी वासानेच पळाला, वर्षभराने तोच विचारायला लागला, वांगी कधी येणार? यावर आणखी पानभर लिहिता येईल, पण मला तुला तारेची गोष्ट सांगायची आहे.

१९८१ चा ऑगस्ट. माझी रात्रपाळी होती आणि सकाळी सहाला रिलीव्हर आला नाही, म्हणून डबल लागली. सोळा तास करून अडीचला मी खोलीवर आलो. जेवलोही नाही, चिमटा लावला आणि आडवा झालो. जाग आली तेव्हा अंधारून आलेलं. पायाशी पालघाट बसला होता, हातात चहा. पलीकडे माझी बॅग भरलेली दिसली. त्याने मला आधी चहा पाजला. मग खिशातून तार काढून दिली. ‘फादर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली.’

तार पावणेतीनला आली होती. मी झोपलो त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत.

मी त्याची कॉलर धरली. उठवलं का नाहीस? तो हळूच म्हणाला, तुझी भुसावळ पॅसेंजर सुरतहून रात्रीच आहे. त्याआधी सुरतला पोचून नुसतं बाकावर बसून राहिला असतास. चार तास झोपलास तर घरी जाऊन उभा राहू शकशील. एवढ्या वेळात त्याने सायकलवर स्टेशनला जाऊन तिकीट काढून आणलं होतं. मेहसाणा माझ्या सुपरवायझरला सांगून आला होता. नागपूरने स्वतःच्या पगारातले दीडशे रुपये बॅगेत माझ्या शर्टाच्या घडीत ठेवले होते, ते मला अमळनेरला गेल्यावर सापडले. आणि हे सगळं करताना तिघांनी त्या दोन खोल्यांत एक भांडं वाजू दिलं नव्हतं.

मी कॉलर सोडली. गाडीत बसल्यावरही मला त्याचा राग होता, खोटं कशाला सांगू. पहाटे अमळनेरला उतरलो. तात्या शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘नाइट व्हती का?’ मी म्हणालो, झोपून आलोय. ते बरं म्हणाले. पुढचे तीन दिवस आणि तीन रात्री मी त्यांच्या उशाशी जागलो. आजीला, काकांना जरा पडा म्हणायचो आणि स्वतः बसायचो. ते मला जमलं, कारण मी ते चार तास झोपलो होतो. चौथ्या दिवशी तात्या गेले. बडोद्याला परत आलो तेव्हा पाटीवर तिन्ही चिमटे लागलेले होते. सुट्टीत, दुपारी, तिघेही एकदम झोपलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहिलो, ते उठेपर्यंत.

तू शाळेत असताना म्हणायचीस, बाबा भुतासारखे चालतात, कधी येतात कळतच नाही. रात्रपाळीहून येऊन मी तुझ्या खोलीत कधी दिवा लावला नाही. अंधारातच तुझं पांघरूण नीट करायचो. तुला वाटायचं, बाबांना अंधारात दिसतं. दिसत नव्हतं. सवय होती.

आमच्या प्लँटवर तेव्हा रात्री एकही बाई नसायची. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्रपाळीची मनाईच होती. आज तू रात्री दोन वाजता कंट्रोल रूममध्ये उभी असतेस याचा मला केवढा अभिमान आहे, हे मी तुझ्या तोंडावर कधी नीट बोललो नाही. आणि म्हणूनच तुझी झोप हा माझ्यासाठी साधा विषय नाही. चार महिने अपुऱ्या झोपेवर रात्रपाळी करणारी पोर शिडीवर चढते, व्हॉल्व्ह उघडते. गुरुवारी तू बोलत होतीस आणि मला ते पांढरं बँडेज दिसत होतं, म्हणून शब्द फुटला नाही.

त्या दोघी मुलींशी भांडायचं तर भांड. माझं म्हणणं एवढंच की पालघाटसारखी गप्प राहू नकोस. तो सहा महिने उशीखाली डोकं घालून पडला आणि मला वाटत राहिलं की त्याला चालतं. एकदा तिघी एकत्र बसा, कुणाची कुठली पाळी ते कागदावर मांडा. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. त्यांच्या घरी रात्रपाळीवालं कुणी नसेल, मग त्यांना कुठून कळणार? करून पाहा, नाही जमलं तर भरूच आहेच.

काल माळ्यावरून ट्रंक काढली. नागपूरची टॉर्च माझ्याकडेच आहे. क्वार्टर सोडताना त्याने ती मला दिली होती. पितळी बटण जाम झालं होतं, तेल घालून मोकळं केलं. जुना कागद हात लावताच चुरा झाला, म्हणून गेंडीगेटवरून लाल पतंगाचा कागद आणून दोन गोल कापले आणि नवं रबर लावलं. सेल काढून वेगळे ठेवलेत, आत राहिले की गळतात. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन जा. मोबाइलचा उजेड फार पांढरा असतो.

अजून एक. मागच्या महिन्यात मी तुला दोनदा सकाळी अकराला फोन केला आणि तू झोपेतून उठून बोललीस. दोन्ही वेळा तुझी रात्रपाळी होती, हे आईने नंतर सांगितलं. मी इतकं सगळं पाहिलेला माणूस, आणि स्वतःच्या लेकीची पाळी विचारायची राहून गेली. माझं चुकलं. तुझा या महिन्याचा पाळ्यांचा तक्ता फोटो काढून पाठव. मी फ्रिजवर लावतो. तुझी आई खाली चिमटा लावेल म्हणाली आहे.

तुझे,
बाबा